दप्तराचीं ठिगळें

यंत्राच्या हातून चूक होत नाहीं, असा समज आपल्या सुशिक्षित समाजांत दृढ झालेला दिसतो. वस्तुस्थिति निराळी आहे. संगणकाच्या बाल्यावस्थेंत त्याच्या आज्ञा कागदी पट्ट्यांवर छिद्रें पाडून लिहीत, आणि चुकीचें छिद्र वर कागदाचा तुकडा चिकटवून बुजवीत. ठिगळ हा शब्द तेथूनच यंत्राच्या परिभाषेंत शिरला. पुढें अपवादाचा रिवाज झाला. २००३ पासून तर मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या आज्ञावलींच्या दुरुस्त्यांसाठीं दर महिन्याचा दुसरा मंगळवारच मुक्रर करून टाकला. शहरांतील गृहस्थास याचा जाच एवढाच, कीं काम अर्ध्यावर टाकून यंत्र पुन्हां जागें होईपर्यंत स्वस्थ बसावें लागतें. परंतु ज्याचें पीक व कर्ज दोन्ही यंत्राच्या दप्तरांत अडकलीं आहेत, त्याला हा जाच केवढा होतो, हें पाहावयाचें तर यवतमाळ जिल्ह्याकडे वळलें पाहिजे.

हा जिल्हा १९०५ पर्यंत वणी या नांवानें ओळखला जाई. १८५३ त निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत आलें, आणि १८६१ पासून तेथें मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली. तें जुनें दप्तर निर्दोष होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पटवाऱ्याच्या लेखणीचें भय गरिबांस होतेंच. तथापि दुरुस्तीची एक रीत हळूहळू बांधली गेली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें फेरफार नोंदवावा, संबंधितांस नोटिसा द्याव्या, हरकती ऐकाव्या, मगच नोंद प्रमाणित व्हावी. आणि लेखनदोष कलम १५५ अन्वयें सुधारावे. अशा दुरुस्तीस तारीख होती, क्रमांक होता, आणि सही करणारा मनुष्य होता.

पुढें सातबारा यंत्रांत उतरला. त्यांत शिरलेल्या चुका काढण्यासाठीं ‘एडिट मॉड्यूल’ आलें, आणि त्यांतूनही उरलेल्यांसाठीं ‘री-एडिट मॉड्यूल’. म्हणजे ठिगळावर ठिगळ! तरी २०१७ च्या उन्हाळ्यांत हे उतारे चावडीवर गांवकऱ्यांसमोर वाचून दाखविण्याची मोहीम निघाली, हें शहाणपणाचेंच झालें.

त्याच वर्षीं जूनमध्यें सुमारें ३४,००० कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर झाली. अर्ज मात्र यंत्रावरच भरावयाचा होता. मुदत वाढवीत वाढवीत २२ सप्टेंबरपर्यंत न्यावी लागली. १८ ऑक्टोबरला प्रमाणपत्रें वाटलीं गेलीं, आणि लागलीच गोंधळ उघडकीस आला. बँकांची माहिती अर्जांशीं जुळेना. अनेक नांवांपुढें एकच आधार क्रमांक दिसे. याद्यांची पुन्हां छाननी सुरू झाली. रब्बीची पेरणी कांहीं तिच्यासाठीं थांबत नाहीं. २००६ सालीं पंतप्रधानांनीं विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठीं विशेष साहाय्य जाहीर केलें होतें, त्यांत यवतमाळ होता. तेथें विलंबाचा अर्थ काय होतो, हें सांगावयास नको. डिसेंबर २०१९ च्या पुढील योजनेंत अर्जच काढून टाकण्यांत आला. बँकांकडून याद्या घेतल्या, आणि शेतकऱ्याकडे केवळ आधाराची खातरजमा करणें उरलें. अनुभवानें शिकविलेला हा धडा मोलाचा होता.

परंतु तो फार दिवस स्मरणांत राहिला नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपाहणी शेतकऱ्याच्याच हातीं सोंपविली गेली. त्यानें शेतांत उभें राहून मोबाइलवर पिकाचें छायाचित्र काढावें व नोंद करावी. पुढल्याच वर्षीं त्या ॲपची दुसरी आवृत्ति आली. २०२३ च्या खरिपांतील कापूस व सोयाबीनसाठीं, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, हेक्टरी ५,००० रुपये देण्याचें ठरलें, तेव्हां तें प्रथम ई-पीक पाहणी केलेल्यांसच मिळावयाचें होतें. म्हणजे शेतांत कापूस असो, सातबाऱ्यावर कापूस असो. ॲपमध्यें नसला, कीं तो नव्हताच! २०२४ त ही अट शिथिल करावी लागली.

संगणकास आमचा विरोध नाहीं. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला, ही सोय लहान नव्हे. ठिगळांचीही आम्हांस लाज वाटत नाहीं. ठिगळांच्या गोधडीवर आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या निजल्या आहेत. आमचें म्हणणें इतकेंच, कीं ठिगळ लागेपर्यंतची थंडी कोणी सोसावयाची, याचा निकाल आधीं लागला पाहिजे. दप्तर ज्याचें, चुकीचा भार त्याचा. दुरुस्ती होईतों शेतकऱ्याचें देणें अडवूं नये, आणि झालेली दुरुस्ती चावडीवर वाचून दाखवावी. हा न्याय कागदाच्या काळीं जितका योग्य होता, तितकाच तो यंत्राच्या काळींही आहे.