बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचताना

तुम्ही उभे आहात ती बेथलेहेमची वेस. काळ शास्त्यांचा. इस्राएलाला अजून राजा नाही आणि येशूच्या जन्माला हजारभर वर्षे तरी अवकाश आहे. एप्रिलचे दिवस आहेत. उतारावरचा सातू पिवळा पडून कापणीला आला आहे. पूर्वेकडे जमीन उतरत उतरत मृत समुद्रापाशी जाते आणि पलीकडे मवाबचे पठार निळसर दिसते. तिकडून दोन बायका येत आहेत. पायांवर धूळ, सामान जवळजवळ नाहीच.

गावच्या बायका थोरलीकडे निरखून पाहतात. ही नामी? दुष्काळात नवरा अलीमलेख आणि दोन मुलांसह ती मवाबात गेली होती. दहाएक वर्षांत तिघेही तिकडेच मातीआड झाले. नामी काही झाकून ठेवत नाही. भरल्या घराने गेले, देवाने मला रिकामी परत आणले, असे ती चारचौघींत बोलून दाखवते. ऐकून दचकू नका. तिची तक्रार देवाविरुद्ध आहे, पण देवाला सोडून दिलेल्या बाईची नाही.

तिच्या मागे उभी आहे ती तिची सून रूथ, मवाबी. मवाब्याला परमेश्वराच्या मंडळीत येऊ द्यायचे नाही, असे नियमशास्त्र सांगते. नामीने वाटेतच दोन्ही सुनांना माहेरी परतायची गळ घातली होती. अर्पा रडत परत गेली. तिला बोल लावू नका, तिने सासूचेच ऐकले. रूथ मात्र सासूला बिलगून राहिली. सासूचे लोक, सासूचा देव, सासूची माती तिने आपली मानली. अब्राहाम घरातून निघाला तेव्हा त्याच्यापाशी देवाचे वचन होते. रूथपाशी तेही नाही.

आता शेतात चला. कापणारे ओळीने वाकून पुढे सरकत आहेत. गारगोटीची पाती बसवलेले विळे सपासप चालतात, मागून बायका पेंढ्या बांधत येतात. त्यांच्याही मागे, जमिनीवर डोळे लावून, रूथ सरवा वेचते आहे. सकाळी मुकादमाला विचारून ती कामाला लागली, ती अजून वाकलेलीच आहे. एक कणीस, मग दुसरे. मूठ भरली की पदरात. तिच्याजवळ जाऊन पाहा: सातूच्या कुसळांनी बोटे ओरखडली असतील, पण हात थांबत नाही.

हे वेचणे म्हणजे भीक नव्हे. शेताच्या कडा पुरत्या कापू नका, गळलेली कणसे गोळा करू नका, शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नका. ते सारे गरिबाचे, परदेशीयाचे, अनाथाचे आणि विधवेचे, असे मोशेच्या नियमशास्त्रात लिहिले आहे. रूथ गरीब आहे, परदेशी आहे, विधवाही आहे. पण कायदा असला तरी मालक तो पाळेलच असे नाही, आणि एकट्या बाईला शेतात धोकाही असतो. हे ठाऊक असूनही ती बाहेर पडली आहे, कारण घरात सासू उपाशी आहे.

मालक येतो. बवाज त्याचे नाव. परमेश्वराच्या नावाने तो मजुरांना आशीर्वाद देतो, तेही तसाच परत देतात. मग तो रूथची चौकशी करतो. सासूसाठी तिने काय केले ते त्याच्या कानावर आधीच आले आहे. तिला कोणी हात लावायचा नाही, अशी तो गड्यांना ताकीद देतो. तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या पाण्यातूनच पी, असे तिला सांगतो.

जेवणाची वेळ होते. बवाज तिला मजुरांच्या पंगतीत बोलावतो. भाकरीचा तुकडा आंबेत बुडवून खायला सांगतो आणि हुरडा स्वतःच्या हाताने पुढे करतो. रूथ पोटभर खाते. आता तिच्या हाताकडे लक्ष द्या. उरलेले घास ती बाजूला ठेवते. संध्याकाळपर्यंत वेचून, झोडपून तिने जमवलेला सातू एफाभर, म्हणजे साधारण 22 लिटर भरतो. एवढे ओझे घेऊन ती घरी येते आणि धान्याबरोबरच ते राखून ठेवलेले घास सासूपुढे ठेवते. विश्वास कसा दिसतो हे मला कोणी विचारले, तर मी हेच दाखवीन.

पुढचे झपाट्याने घडते. सातूमागून गव्हाचा हंगामही उरकतो. नामीच्या सांगण्यावरून रूथ रात्री खळ्यावर जाते आणि जवळचा नातलग म्हणून बवाजाने आपला भार घ्यावा, असे स्पष्ट मागते. दुसऱ्या दिवशी वेशीत दहा वडीलधारे बसतात. रूथला पत्करण्याचा पहिला हक्क बवाजाहून जवळच्या एका नातलगाचा असतो; तो जोडा काढून देतो आणि आपला हक्क सोडतो. बवाज रूथला पत्करतो. ओबेद जन्मतो आणि बायका ते बाळ नामीच्या मांडीवर पाहून म्हणतात, ही सून सात मुलांपेक्षा भारी. ओबेदाचा मुलगा इशाय, इशायाचा दावीद.

या साऱ्या कथेत देवदूत आलेला नाही, समुद्र दुभंगलेला नाही. एका बाईने सासूला सोडले नाही आणि एका शेतकऱ्याने शेताची कड सोडली, एवढ्यावर देवाने राजवंश उभा केला. म्हणूनच मत्तय येशूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब आणि उरियाच्या बायकोबरोबर या मवाबी विधवेचीही नोंद करतो.

ही कथा आपल्याकडेही जगली गेली. ऐन तारुण्यात आईवडील दुष्काळात गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार विधवा आणि मुली आणून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना आसरा आणि काम दिले. त्याच रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणले आणि ते छापण्याचे काम मुक्तीतल्या बायकांनी केले. रूथची गोष्ट त्या हातांना अनोळखी नव्हती.

आपल्या मंडळ्यांत रूथचे नाव निघते ते बहुधा सुनांना उपदेश करताना. तेवढ्यावर थांबू नका. जमीन, दुकान, नोकरी, ओळखपाळख असलेल्या प्रत्येकाला बवाजही वाचून दाखवा. पोटासाठी परक्या गावी आलेली रूथ आजही ऊसतोडीच्या फडात आहे, बांधकामावर आहे, तुमच्या घरी धुणीभांडी करते आहे. तिला नाव विचारा, मजुरी पुरती आणि वेळेवर द्या, आणि रविवारी मंडळीत आपल्या शेजारी बसायला जागा करा.