दक्षिणेचे मानकरी : विश्रामबागवाड्यातील शालजोडी आणि नाकारलेले नाटक

१६ नोव्हेंबर १८५२. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारी समारंभ भरला होता. सत्कारमूर्ती होता अवघ्या २५ वर्षांचा एक माळी तरुण. मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांसाठी शाळा काढल्याबद्दल पूना कॉलेजचे प्राचार्य मेजर थॉमस कँडी यांच्या हस्ते त्याला शालजोडी देण्यात आली. तरुणाचे नाव जोतीराव गोविंदराव फुले.

समाजसेवा करणाऱ्या तरुणांना आज पुरस्कार, शिष्यवृत्त्या, फेलोशिप असे बरेच काही मिळते. १८५२ च्या पुण्यात अशी रीत नव्हती. शाल मात्र पुणेकरांना नवी नव्हती. ती कोणाला मिळते आणि कशासाठी, याविषयी शहराच्या कल्पना शंभर वर्षे पक्क्या झालेल्या होत्या. त्या दिवशी नेमके काय घडले हे समजण्यासाठी आधी एका जुन्या निधीची कहाणी जाणून घ्यावी लागते. तिचे नाव दक्षिणा.

श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावी सुरू केली. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले. विजयी पहिल्या बाजीरावाने दाभाड्यांची ही प्रथा मात्र मोडली नाही. ती पुण्यात आणली आणि पुढे चालवली. प्रतिस्पर्ध्याचे सैन्य संपवून त्याचा दानधर्म चालू ठेवणे, यात श्रद्धा किती आणि राजकारण किती, याचा निवाडा ज्याचा त्याने करावा.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात हा खर्च लाखांच्या घरात गेला. काशीपासून रामेश्वरापर्यंतचे ब्राह्मण श्रावणात पुण्याची वाट धरू लागले. पर्वतीच्या पायथ्याशी त्यासाठी खास आवार होते, तोच रमणा. एकदा दक्षिणा घेतलेला माणूस पुन्हा रांगेत शिरू नये म्हणून सर्वांना आत घेऊन दरवाजे बंद करीत आणि बाहेर सोडताना हातावर रक्कम ठेवीत.

मोठ्या शास्त्र्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांची परीक्षा होई, योग्यतेनुसार रक्कम ठरे आणि वर शाल पांघरली जाई. शाल म्हणजे विद्वत्तेवर उमटलेली राजमुद्रा! ही विद्वत्ता वेद, व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र अशा विषयांतली असे, आणि ती कोणत्या जातीच्या माणसाकडे असावी हे जन्मानेच ठरलेले असे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्यात असंतोष उसळेल, हे एल्फिन्स्टनने ओळखले. त्याने रक्कम वर्षाला ५०,००० रुपयांवर आणली आणि वाटप चालू ठेवले. याच पैशातील काही भाग काढून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. जागा होती विश्रामबागवाडा, दुसऱ्या बाजीरावाचा रिकामा झालेला राजवाडा. शिकवणारे शास्त्री ब्राह्मण, शिकणारे विद्यार्थीही ब्राह्मण.

पुढे दक्षिणेच्या यादीत नवी नावे घेणे सरकारने थांबवले. जुने मानकरी निवर्तत गेले, तसतशी रक्कम शिल्लक पडू लागली. शिल्लक पैसा म्हटला की वाद आलाच. हे पैसे आता कोणाचे?

१८४९ मध्ये पुण्यातील काही तरुणांनी या प्रश्नाला लेखी उत्तर दिले. त्यांच्या अग्रभागी होते गोपाळ हरी देशमुख, म्हणजेच लोकहितवादी. वय २६. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रातून त्यांची ‘शतपत्रे’ तेव्हा प्रसिद्ध होत होती, आणि दक्षिणा घेऊन स्वस्थ बसणाऱ्या भटभिक्षुकांवर त्यांत कोरडे ओढलेले होते. तरुणांनी सरकारला अर्ज केला : दक्षिणेतील शिलकीतून उपयुक्त मराठी ग्रंथांना बक्षिसे द्यावीत. पैसा जन्माला मिळत होता, तो आता लेखनाला मिळावा, एवढीच मागणी. पण या एवढ्याशा मागणीने रमण्याचा पायाच उखडत होता.

सनातनी पुणे खवळले. अर्ज करणाऱ्यांना धमक्या येऊ लागल्या. सुधारकांच्या संरक्षणासाठी जोतीराव महार-मांग समाजातील सुमारे २०० माणसे घेऊन उभे राहिले, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहावे. वाद ब्राह्मणांच्या दक्षिणेचा. अर्ज करणारे सुधारकही बहुतेक ब्राह्मण. आणि त्यांच्या बाजूने देह पुढे करणाऱ्यांत अशी माणसे, ज्यांना त्या निधीतून शंभर वर्षांत एक पैसाही मिळालेला नव्हता.

अर्ज मान्य झाला. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. त्याच वर्षी संस्कृत पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज उभे राहिले, तेही विश्रामबागवाड्यातच. प्राचार्य मेजर कँडी. मोल्सवर्थच्या कोशाशी जोडलेले हे नाव मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. मराठी गद्यात आज जी विरामचिन्हे सर्रास वापरली जातात, ती रुळवण्यात या गृहस्थांचा मोठा वाटा आहे.

आता जोतीरावांकडे वळू. स्कॉटिश मिशनच्या शाळेतील शिक्षण १८४७ मध्ये संपले. १८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला. त्याच सुमारास अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार चालवीत असलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली. परतल्यावर बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. तेव्हा जोतीराव २१ वर्षांचे आणि सावित्रीबाई १७ वर्षांच्या होत्या.

वाडा तात्यासाहेब भिड्यांचा, म्हणजे एका ब्राह्मणाचा. सदाशिव बल्लाळ गोवंडे, सखाराम यशवंत परांजपे, केशव शिवराम भवाळकर हे साथीदारही ब्राह्मणच. ही गोष्ट आज कधी सोयीने विसरली जाते, तर कधी सोयीने एवढीच लक्षात ठेवली जाते. दोन्ही प्रकार इतिहासाला धरून नाहीत.

किंमत मात्र फुले दांपत्याने मोजली. १८४९ मध्ये समाजाच्या दडपणाखाली वडील गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घर सोडायला लावले. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला गेला. पहिली शाळा काही काळ बंद पडली. पण ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात ८ मुलींनिशी शाळा पुन्हा उभी राहिली. १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत दुसरी, १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत तिसरी. महार, मांग, चांभार मुलांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या.

नोव्हेंबर १८५२ ची शालजोडी ही या कामाची पावती होती. ज्या वाड्यात तीस वर्षे फक्त ब्राह्मण विद्यार्थी शास्त्रे घोकत होते, त्याच वाड्यात एका शूद्र तरुणाच्या खांद्यावर शाल आली, आणि तीही वेदविद्येसाठी नव्हे, तर मुलींना व अस्पृश्यांना अक्षर शिकवल्याबद्दल. शनिवारवाड्यात शाल मिळवणाऱ्या शास्त्र्यांच्या नातवांना हे दृश्य कसे वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

शालीपेक्षा महत्त्वाची ठरली ती आर्थिक मदत. दक्षिणा निधीतून फुल्यांच्या शाळांना साहाय्य मिळू लागले. श्रावणात रमण्यात वाटला जाणारा पैसा मुलींच्या पाटीपेन्सिलीपर्यंत पोहोचला. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी या मुलींची जाहीर परीक्षा पूना कॉलेजच्या आवारात झाली, तेव्हा ती पाहायला सुमारे ३,००० लोक लोटले होते. एके काळी शास्त्र्यांची परीक्षा होई, आता मुलींची होत होती.

त्या मुलींतून काय निर्माण झाले याचा एक पुरावा छापील स्वरूपात शिल्लक आहे. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात महार-मांगांच्या दुःखाविषयीचा एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखिका मुक्ता, मांग समाजातील १४ वर्षांची विद्यार्थिनी. जिचा वेदांवर अधिकार नाही तिचा धर्म कोणता, असा थेट सवाल तिने त्यात केला. त्या वयाच्या, त्या जातीच्या मुलीने असे काही लिहावे, ही घटना कोणत्याही शालजोडीपेक्षा मोठी होती.

इथवर ही कथा सरळ वाटते : जुना अन्याय्य निधी, तरुणांचा लढा, सरकारचा न्याय, सेवेचा सन्मान. पण १८५५ साल अजून संपलेले नाही.

त्याच वर्षी जोतीरावांनी एक नाटक लिहिले, ‘तृतीय रत्न’. गरोदर कुणबी स्त्रीला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहदशेची भीती घालून एक जोशी कसा लुबाडतो, असा विषय. मध्येच एक विदूषक येऊन जोशाच्या लबाडीचे वाभाडे काढतो, एक पाद्री येऊन त्या दांपत्याचे डोळे उघडतो. बोलीतले, चुरचुरीत, बोचरे लेखन. जोतीरावांनी ते बक्षिसासाठी कोठे पाठवले? दक्षिणा प्राइझ कमिटीकडे. ज्या कल्पनेच्या रक्षणासाठी ते १८४९ मध्ये उभे राहिले होते, तिच्यातूनच जन्मलेल्या कमिटीकडे.

नाटक नाकारले गेले. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त जोतीरावांनी स्वतः हा प्रसंग धोंडीबाशी चाललेल्या संवादात सांगितला आहे. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी नाटक बाजूला ठेवले आणि पुढे ‘ब्राह्मणांचे कसब’ हे पुस्तक पदरच्या खर्चाने छापले.

तीन वर्षांच्या अंतराने तोच माणूस, तोच निधी, पण निर्णय उलटे. हा फरक कशाने पडला? शाळा चालवणारा तरुण सरकारलाही हवा होता आणि सुधारकांनाही. त्याच्या सेवेचा कौतुकसोहळा करणे सर्वांना शक्य होते. पण ती सेवा का करावी लागते, मुली आणि अस्पृश्य अक्षरापासून दूर का राहिले, त्यात कोणाचा लाभ होता, हे तो बोलू लागला तेव्हा तिजोरीचे झाकण मिटले. पाटी शिकवणाऱ्याला शाल मिळाली. पाटी कोणी हिसकावली हे सांगणाऱ्याला मिळाली नाही.

असा अनुभव एकट्या फुल्यांचा नव्हता, आणि अटी घालणारे हात एकाच बाजूचे नव्हते. याच दक्षिणेतून पुढे कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे त्यांपैकी. रानड्यांच्या विद्यार्थिदशेतील एक हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. मराठी राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करून मराठ्यांचे पारडे जड ठरवणारा निबंध त्यांनी लिहिला. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना रानड्यांच्या बुद्धीचे कौतुक होते; तरीही त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखली.

जोतीरावांनी त्यानंतर सरकारी बक्षिसांची फारशी पर्वा केली नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जमलेल्या लोकांनी त्यांना ‘महात्मा’ म्हटले. त्या पदवीमागे निधी नव्हता आणि कमिटीही नव्हती.

‘तृतीय रत्न’ छापले जाण्यासाठी विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. कमिटीने परत केलेल्या त्या नाटकाच्या शेवटी लुबाडले गेलेले कुणबी नवरा-बायको दक्षिणा मागणाऱ्या जोशाचा नाद सोडतात आणि लिहायला-वाचायला शिकण्यासाठी जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेची वाट धरतात. ती शाळा नाटककाराच्या कल्पनेतली नव्हती. नाटक लिहिले त्याच वर्षी, १८५५ मध्ये, शेतकरी आणि मजूर स्त्री-पुरुषांसाठी फुले दांपत्याने ती पुण्यात सुरू केली होती.