वृद्धनिवास, ब्रिटनमधील

घरी स्वतंत्रपणे राहणे अशक्य झालेल्या वृद्धांच्या निवासाची, भोजनाची व देखभालीची सोय करणाऱ्या संस्था. त्यांचे स्थूलमानाने तीन स्तर आढळतात : वृद्ध आपल्या स्वतंत्र बिऱ्हाडात राहतो व देखरेखीस एक व्यवस्थापक असतो, अशी संरक्षित घरे, स्नान, पेहराव, जेवण इ. नित्यकर्मांत मदत देणारी निवासगृहे आणि प्रशिक्षित परिचारिकांची अहोरात्र सेवा असलेली शुश्रूषागृहे. कोणत्या वृद्धाला कोणता स्तर योग्य, हा प्रश्न वरवर वैद्यकीय वाटला, तरी ब्रिटनमध्ये त्याचे उत्तर बव्हंशी कायदा व खर्च यांनी ठरविले आहे.

१८३४ च्या निर्धनविषयक कायद्यानुसार निराधारांना मदत मुख्यतः श्रमगृहात देण्याचे धोरण होते. धडधाकट निर्धनांना तेथे येण्याची इच्छा होऊ नये, म्हणून तेथील राहणी हेतुतः कष्टप्रद ठेवीत. वृद्ध, रोगी व मनोरुग्ण यांनाही बहुधा त्याच आवारात राहावे लागे. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरजूंना आठवड्याला कमाल ५ शिलिंग निवृत्तिवेतन मिळू लागले; त्यामुळे काही वृद्धांना घरी राहणे शक्य झाले. तथापि अंथरुणास खिळलेल्यांना श्रमगृहाच्या रुग्णकक्षावाचून आसरा नव्हता.

वृद्धांची गरज तपासून मगच त्यांची व्यवस्था ठरवावी, हा विचार मार्जरी वॉरेन या डॉक्टर स्त्रीने रुजविला. १९३५ मध्ये वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या श्रमगृहाचा रुग्णविभाग आला. तेथील शेकडो रुग्णांची तिने एकेक करून तपासणी केली व त्यांचे वर्गीकरण केले. अनेक वर्षे निजून असलेले कित्येकजण व्यायाम व उपचारांनी हिंडूफिरू लागले व काही घरी परतले. वृद्धापकाळ व आजार या भिन्न गोष्टी असून, तपासणीविना दिलेली कायमची शय्या हीच अपंगत्वास कारण होते, असे यातून दिसून आले.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा व राष्ट्रीय साहाय्य कायदा एकाच वेळी अंमलात आले. आजारी वृद्धांना रुग्णालयात विनामूल्य उपचार मिळू लागले. केवळ दुर्बल असलेल्यांची सोय स्थानिक प्राधिकरणांच्या निवासगृहांत ऐपतीनुसार शुल्क आकारून होऊ लागली. ‘आजारी’ व ‘दुर्बल’ यांतील रेषा प्रत्यक्षात पुसट होती. तरीही ती कोठे ओढली जाते, यावर वृद्धाची पुंजी टिकणार की सरणार, हे अवलंबून राहिले. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड याने द लास्ट रेफ्यूज (१९६२) या ग्रंथात अशा संस्थांची पाहणी मांडली. जुन्या श्रमगृहांच्या इमारती अद्याप वापरात असल्याचे आणि घरी पुरेशी मदत मिळाल्यास अनेक रहिवाशांना तेथे राहण्याची गरज नसल्याचे त्याने दाखवून दिले.

१९८० नंतर खाजगी निवासगृहांचे शुल्क सामाजिक सुरक्षा निधीतून मिळू लागले. त्यासाठी ऐपत पाहिली जाई, गरज मात्र तपासली जात नसे. परिणामी घरपोच मदतीपेक्षा निवासगृहातील प्रवेश सुलभ झाला व खर्च झपाट्याने वाढला. १९९० च्या कायद्याने, १९९३ पासून, सार्वजनिक खर्चाने प्रवेश देण्यापूर्वी गरजेचे मूल्यमापन करण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणांवर आली. २००० च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील निवासगृहे व शुश्रूषागृहे एकाच कायदेशीर संज्ञेखाली आली. शुश्रूषा पुरविणारी व न पुरविणारी हा भेद मात्र व्यवहारात उरला.

व्यक्तिगत काळजी सर्वांना विनामूल्य असावी, अशी शिफारस १९९९ मध्ये शाही आयोगाने केली. स्कॉटलंडने २००२ मध्ये पासष्ट वर्षांवरील व्यक्तींसाठी ती स्वीकारली. इंग्लंडमध्ये परिचारिकेच्या सेवेचा खर्च आरोग्यसेवेने उचलला, परंतु व्यक्तिगत काळजीसाठी ऐपतीची अट कायम राहिली. त्यामुळे स्नान घालण्यास लागणारी मदत शुश्रूषा की काळजी, हा १९४८ पासूनचा वाद इंग्लंडमध्ये पूर्णतः मिटलेला नाही. अपुरा स्तर वृद्धाच्या जिवावर बेतू शकतो. तर गरजेपेक्षा वरचा स्तर त्याचे उरलेले स्वावलंबन हिरावून घेतो. म्हणून प्रवेशाच्या वेळी केलेले मूल्यमापन पुरेसे न मानता ते वेळोवेळी पुन्हा करणे आवश्यक ठरते.