मन थकते तेव्हा... : कॉलेज विद्यार्थी, बर्नआऊट आणि मानसोपचार

दहावी-बारावीचे क्लास, प्रवेश परीक्षा आणि गुणवत्ता याद्या हे अडथळे ओलांडून मुलगा किंवा मुलगी एकदाची कॉलेजात पोहोचली, की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रत्यक्षात अनेकांची दमछाक तिथूनच सुरू होते. सेमिस्टर पद्धतीत वर्षभर कसली ना कसली परीक्षा असतेच. अंतर्गत मूल्यमापन, जर्नल, सबमिशन, व्हायवा, एटीकेटी आणि हजेरीची अट यांच्या जोडीला शैक्षणिक कर्ज, वसतिगृहातला एकाकीपणा आणि प्लेसमेंटची टांगती तलवार असते. यातले बरेचसे ताण येतात तसे जातात. काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र परीक्षा संपते, सुटी लागते, तरी थकवा उतरत नाही. या अवस्थेला उद्देशून 'बर्नआऊट' हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. तिच्यातून बाहेर पडण्यासाठी मानसोपचाराची, म्हणजेच थेरपीची, चांगली मदत होते. परंतु थेरपी म्हणजे नेमके काय, ती कोण देते आणि तिथे काय घडते, याविषयीच्या अपुऱ्या माहितीमुळे तिथवर पोहोचण्यातच मोलाचे महिने निघून जातात.

ताण आणि बर्नआऊट

सगळाच ताण घातक नसतो. रॉबर्ट यर्कीज आणि जॉन डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. काम अवघड असेल, तर उत्तेजना एका मर्यादेपर्यंत वाढली असता शिकणे सुधारते आणि ती मर्यादा ओलांडली की बिघडू लागते. परीक्षेच्या आदल्या रात्रीची धडधड अभ्यासाला बसवते, ती याच अर्थाने उपयोगी असते. तीच धडधड महिनोन् महिने चालू राहिली, तर शरीर आणि मन दोन्ही थकतात.

'बर्नआऊट' ही संज्ञा मानसशास्त्रात आणली ती हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी, १९७४ मध्ये. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यांत ध्येयाने काम करणारे कार्यकर्ते काही काळाने विझल्यासारखे का होतात, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. पुढे ख्रिस्तिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआऊट मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांसाठी तिचे वेगळे रूप २००२ मध्ये तयार झाले. त्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात :

* अभ्यासाच्या नुसत्या विचाराने येणारी थकावट. सकाळी उठतानाच दमल्यासारखे वाटणे.
* अभ्यासाविषयीची तुच्छता वा अलिप्तता. 'हे शिकून काय उपयोग' ही भावना कायमची होणे.
* स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास उडणे. पूर्वी सहज जमणारी गोष्टही आता जमणार नाही, असे वाटणे.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआऊटची नोंद घेतली आहे. मात्र तिथे त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या, व्यवस्थित न हाताळल्या गेलेल्या दीर्घकालीन ताणाचा तो परिणाम मानला आहे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा शब्द वापरला जातो, तो अभ्यास हेच त्यांचे काम आहे या अर्थाने.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. बर्नआऊटचा रोख बहुधा अभ्यासावर असतो. मित्रांसोबत, खेळाच्या मैदानावर किंवा गावी गेल्यावर असा विद्यार्थी काहीसा खुलतो. नैराश्य मात्र सारे आयुष्य व्यापते. आवडत्या गोष्टींतही रस उरत नाही, झोप आणि भूक बिघडते, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते. अशी लक्षणे दोन आठवडे जवळपास रोज राहिली, तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. सततच्या थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉइडचे विकार किंवा 'ब १२' जीवनसत्त्वाची कमतरता अशी शारीरिक कारणेही असू शकतात. त्यामुळे डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात, तेव्हा ती टाळाटाळ समजू नये.

दुर्लक्ष परवडणारे नाही

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत सर्वाधिक, म्हणजे १,७६४, महाराष्ट्रातील होते. आत्महत्येमागे एकच एक कारण क्वचितच असते. कौटुंबिक कलह, आजार, आर्थिक विवंचना, जातीय अवहेलना, प्रेमभंग असे अनेक धागे त्यात गुंतलेले असतात. म्हणून या आकड्यांचे खापर केवळ परीक्षांवर फोडता येणार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालात, ऑनलाइन पाहणीत भाग घेतलेल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी १५.३ टक्के जणांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. रोज रुग्णालयात वावरणाऱ्या आणि उपचारांची माहिती असलेल्या तरुणांची ही स्थिती आहे.

थेरपीत काय घडते?

थेरपिस्ट सल्ला देतो आणि आपण तो ऐकायचा, असा सर्वसाधारण समज आहे. सल्ला देणारे घरी, शेजारी आणि स्टाफरूममध्येही पुष्कळ असतात. थेरपीचे स्वरूप त्याहून वेगळे आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या उद्दिष्टासाठी, प्रशिक्षित व्यक्तीसोबत केलेले ते काम असते. एक सत्र साधारण ४५ मिनिटे ते तासभर चालते. पहिल्या एक-दोन भेटींत माहिती घेतली जाते : त्रास कधीपासून आहे, झोप कशी आहे, घरची परिस्थिती काय, व्यसन आहे का, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का. हा शेवटचा प्रश्न विचारल्याने तसे विचार डोक्यात भरवले जात नाहीत. उलट मनातले ओझे बोलून दाखवण्याची वाट मोकळी होते.

विद्यार्थ्यांच्या ताणावर सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार, अर्थात सीबीटी. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६०च्या दशकात तिची मांडणी केली. साधारण ६ ते २० सत्रांत ती पूर्ण होते. तिचे काम कसे चालते, हे एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेता येईल. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याला गणितात एटीकेटी लागते. त्याच्या मनात लगेच विचार येतो, 'आता आपले काही खरे नाही, प्लेसमेंट गेलेच.' या विचाराने तो खचतो आणि लेक्चरला जाणे टाळू लागतो. हजेरी घसरते, सबमिशन रखडतात आणि त्यातून मूळ विचाराला पुरावाच मिळत जातो. थेरपिस्ट त्याला घटना, त्या वेळचा विचार, भावना आणि कृती या चार रकान्यांत नोंद ठेवायला सांगतो. मग दोघे मिळून तो विचार तपासतात. मागच्या वर्षी एटीकेटी लागलेल्यांचे पुढे काय झाले? फेरपरीक्षा कधी आहे? कंपन्यांच्या अटी प्रत्यक्षात काय आहेत? त्यानंतर छोटी कृती ठरते : उद्या एका लेक्चरला बसायचे, संध्याकाळी २५ मिनिटे एकच प्रकरण वाचायचे. उमेद आल्यावर काम करू असे न म्हणता, आधी थोडे काम करायचे म्हणजे उमेद मागून येते, हे यातले सूत्र आहे.

सीबीटीच्या आधी, १९५५च्या सुमारास, अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती विकसित केली. मराठी वाचकांना तिची ओळख प्रामुख्याने कि. मो. फडके यांच्या लेखनातून झाली. घटनेपेक्षा तिच्याविषयीचा आपला हट्टी दृष्टिकोन अधिक त्रास देतो, असे ही पद्धत मानते. मराठीत हा हट्ट एका 'च'मध्ये मावतो. 'मला चांगले गुण मिळावेत' ही इच्छा झाली. 'मिळालेच पाहिजेत' ही सक्ती झाली. इच्छा अपुरी राहिली तर दुःख होते, पण माणूस पुन्हा उभा राहतो. सक्ती मोडली, की तो स्वतःलाच नालायक ठरवतो. अभ्यासाची जिद्द कायम ठेवून हा 'च' सैल करणे, हे या उपचाराचे उद्दिष्ट असते.

याखेरीज सजगतेवर आधारलेली पद्धतही वापरली जाते. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. श्वास, शरीर आणि मनात येणारे विचार यांकडे निवाडा न करता पाहण्याचा सराव तीत असतो. काही ठिकाणी गटोपचारही होतो. आपल्यासारखीच अवस्था आणखी सात-आठ जणांची आहे, हे कळणे हाच अनेकांना पहिला दिलासा ठरतो.

कोणाकडे जावे?

* समुपदेशक : मानसशास्त्र वा समाजकार्यातील प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती. अभ्यास, नातेसंबंध, जुळवून घेण्यातील अडचणी यांसाठी पहिला टप्पा. कॉलेजमध्ये बहुधा हेच असतात.
* क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट : मानसिक विकारांचे मूल्यमापन आणि थेरपी करणारे तज्ज्ञ. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारून घ्यावे. हे औषधे लिहून देत नाहीत.
* मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिॲट्रिस्ट : एमबीबीएसनंतर या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. निदान करतात आणि गरज भासल्यास औषधे देतात.

ताणाखाली असलेल्या प्रत्येकाला गोळ्या लागत नाहीत. मध्यम ते तीव्र नैराश्यात मात्र त्यांचा उपयोग होतो. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे जावे लागतात आणि ती परस्पर बंद करणे धोक्याचे असते. पंचविशीच्या आतील रुग्णांवर सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी व डॉक्टरांनी विशेष लक्ष ठेवावे लागते. अस्वस्थता वाढली किंवा आत्महत्येचे विचार येऊ लागले, तर तातडीने डॉक्टरांना कळवावे.

दोन-तीन सत्रांनंतर थेरपिस्टशी सूर जुळत नाही असे वाटले, तर तसे स्पष्ट सांगून दुसऱ्याकडे जाण्यास हरकत नाही. हमखास बरे करण्याची हमी देणारे, बोलणे अर्ध्यावर तोडून उपदेश करणारे किंवा जात, लैंगिकता वा नातेसंबंधांवरून न्यायनिवाडा करणारे समुपदेशक टाळलेले बरे.

गुप्तता आणि कायदा

'सरांना कळेल', 'घरी फोन जाईल' या भीतीने अनेक विद्यार्थी समुपदेशन कक्षाची पायरी चढत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये उपचारांविषयीची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क रुग्णाला आहे. त्याला अपवाद आहेत. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर आवश्यक तेवढी माहिती संबंधितांना दिली जाते. अकरावी-बारावीतील बहुतांश विद्यार्थी १८ वर्षांखालील असल्याने त्यांच्या उपचारांत पालकांचा सहभाग लागतो. तसेच अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास, २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आपल्या नोंदी कोण पाहू शकते, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. चांगला समुपदेशक त्याचे सरळ उत्तर देतो.

संस्थेची जबाबदारी

थेरपी विद्यार्थ्याला ताण पेलण्याचे बळ देते. मात्र ताणाचे मूळ वेळापत्रकात, रॅगिंगमध्ये, भेदभावात किंवा वर्गात जाहीरपणे होणाऱ्या अपमानात असेल, तर एकट्या विद्यार्थ्याला समुपदेशकाकडे पाठवून ते दूर होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या प्रश्नाची दोनदा दखल घेतली. उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी मार्चमध्ये माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमण्यात आले. जुलैमध्ये शैक्षणिक संस्थांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून देण्यात आली. त्यांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा; त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी जोडून घ्यावे; गुणांच्या आधारे तुकड्या पाडू नयेत आणि विद्यार्थ्यांचा जाहीर पाणउतारा करू नये, अशी अपेक्षा आहे. आपल्या कॉलेजात समुपदेशक आहे का, तो आठवड्यातून किती तास भेटतो, हे विचारण्याचा अधिकार विद्यार्थी आणि पालक दोघांनाही आहे.

पालकांनी काय करावे?

'आमच्या वेळी असले काही नव्हते' या वाक्याने संवाद संपतो. मूल अचानक अबोल झाले, रात्रभर जागू लागले, जेवणावरचे लक्ष उडाले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले किंवा 'मी नसलो तरी काय फरक पडतो' असे बोलू लागले, तर ते नाटक समजू नये. शांतपणे विचारावे, मध्ये न तोडता ऐकावे आणि तज्ज्ञाकडे सोबत जाण्याची तयारी दाखवावी. गुणांची चौकशी त्या दिवशी बाजूला ठेवता येते.

मदत कुठे मिळेल?

* टेलि-मानस : केंद्र सरकारची १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली मोफत दूरध्वनी सेवा. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मराठीतही उपलब्ध.
* आयकॉल : मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेली समुपदेशन सेवा. दूरध्वनी आणि ई-मेलद्वारे प्रशिक्षित समुपदेशकांशी बोलता येते.
* इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, ठाणे : डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली संस्था.
* सरकारी व पालिका रुग्णालये : मुंबईत केईएम, शीव आणि नायर, तर पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग चालतो. खासगी फी परवडत नसलेल्यांसाठी हा मार्ग मोठ्या आधाराचा आहे.

जिवाला तातडीचा धोका वाटत असेल, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. ११२ क्रमांकावर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे. एरवी, आठवडाभराच्या सुटीनंतरही मन ताजेतवाने होत नसेल, तर सेमिस्टर संपण्याची वाट न पाहता पहिली भेट ठरवावी. त्रास जितका नवा, तितके उपचार सोपे. एखादे वर्ष वाया गेले तर ते भरून काढता येते. त्या वर्षापेक्षा विद्यार्थी मोलाचा आहे, हे घर आणि कॉलेज या दोघांनीही त्याला वेळेत सांगायला हवे.