मुखचर्या आणि अपेक्षाभंग : एका प्रश्नावलीपासून विद्युत्-तरंगांपर्यंत

१८६७ साली चार्ल्स डार्विनने भावाविष्काराविषयीची १६ प्रश्नांची छापील प्रश्नावली देशोदेशींच्या निरीक्षकांकडे पाठविली. आश्चर्याने डोळे व तोंड विस्फारतात काय, भुवया उंचावतात काय, हा तिच्यातील पहिलाच प्रश्न होता. मुंबई इलाख्यातील अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात राहणाऱ्या एच. अर्स्किन यांनी तेथील लोकांचे निरीक्षण केले. परंतु खात्रीचा निष्कर्ष काढणे त्यांना फार कठीण गेले. युरोपियनांसमक्ष भावना झाकून ठेवण्याची लोकांना सवय होती, असे कारण डार्विनने १८७२ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

डार्विनचा प्रश्न चकित झालेल्या चेहऱ्याविषयी होता. चेहरा पाहून चकित होणाऱ्या मेंदूचा अभ्यास पुष्कळ पुढचा. १९६५ साली सॅम्युएल सटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, पुढे काय येणार हे अनिश्चित असले म्हणजे उद्दीपकानंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठळक धन तरंग उमटतो. १९७८ मध्ये फिनलंडचे रिस्तो नॅटॅनेन व त्यांचे सहकारी यांनी ध्वनींवर प्रयोग केले. एकसुरी मालिकेत निराळा ध्वनी आला, तर लक्ष अन्यत्र असतानाही मेंदू तो फरक टिपतो, असे त्यांत आढळले. चालू शतकात हीच रीत चेहऱ्यांना लावण्यात आली. शांत चेहऱ्यांच्या मालिकेत अवचित भयभीत वा हसरा चेहरा आला, की डोक्याच्या मागील भागावर नोंदलेला तरंग बदलतो. हा बदल २०० मिलिसेकंदांच्या आतही दिसून आला आहे.

तथापि एवढ्यावरून त्यास अपेक्षाभंग म्हणता येत नाही. तोच तो चेहरा पाहून मज्जापेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि नव्या चेहऱ्यास तो केवळ ताजा मिळतो, असाही अर्थ संभवतो. म्हणूनच विविध मुखभाव समप्रमाणात दाखविणारी दुसरी मालिका तुलनेसाठी आवश्यक ठरते.

शिवाय, प्रयोगशाळेतील छायाचित्र पाहणाऱ्यापासून काहीच लपवीत नाही. अहमदनगरची माणसे लपवीत होती. डार्विनच्या पुराव्यातील ही उणीव आजच्या अभ्यासकाने मुख्य विषय मानावयास हवी. १९७० नंतर आखून वसविलेल्या नवी मुंबईत नाना प्रांतांतील माणसे शेजारी झाली आहेत. परक्याच्या चेहऱ्याविषयी त्या सर्वांची अपेक्षा एकच असेल, असे गृहीत धरता येणार नाही. तेव्हा चेहरा कोणाचा, पाहणारा कोण आणि उभयतांतील नाते कोणते, यांची नोंद तरंगांच्या नोंदीइतकीच काटेकोरपणे ठेवली पाहिजे.