नीरेच्या अलीकडे, नीरेच्या पलीकडे

साल 1834. ज्येष्ठ वद्य सरत आलाय. जेजुरीच्या माळावर अंधारातच कुणीतरी तुमचा पाय हलवतं. "उठा माउली, पालखी निघायची झाली." पूर्वेला नखाएवढी कोर. काल पालखीवर उधळलेला खंडोबाचा भंडारा तुमच्या घोंगडीच्या लोकरीत रुतून बसलाय. झटकायला जाता, तर हातच पिवळे होतात.

आजची मजल वाल्हे, जेमतेम चार कोस. पण तुमच्या टाचेला कालच फोड आलाय. शेजारचा म्हातारा टाळकरी न विचारताच त्यावर हळद-तेल चोपडतो आणि तुम्हाला ओळीत ढकलतो. पुढे पताका, मग टाळकरी, मधे मृदंग, मागे विणेकरी, त्यांच्या पाठी डोईवर तुळशी घेतलेल्या बाया. एकटं लंगडणं जड जातं. टाळाच्या ठेक्यात पाय आपसूक पडतो.

ही रांग बांधली हैबतबाबा आरफळकरांनी. तुकोबांचे चिरंजीव नारायणबुवा 1685 पासून ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीतून नेत असत. माउलींची पालखी वेगळी निघू लागली ती बाबांमुळे, अगदी अलीकडे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी राहिलेला हा माणूस. "सातपुड्यात लुटारूंनी धरून गुहेत कोंडलं होतं बाबांना," म्हातारा चालता चालता सांगतो. "आत हरिपाठ चालू ठेवला. सुटले ते थेट आळंदीलाच." अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे दिलेत. त्यातल्या एकावर कुणीच बसत नाही. ते माउलींचं.

वाल्ह्याला समाजआरती. चोपदार दंड उंचावून लांब हाळी देतो आणि शेकडो टाळ एकदम थांबतात. फक्त एका दिंडीचे वाजतच राहतात. तुम्ही दचकता. म्हातारा हसतो. "गाऱ्हाणं आहे त्यांचं." चोपदार तिकडे जातो. त्यांच्या राहुटीची जागा दुसऱ्यांनी बळकावलीय. निवाडा होतो, ते टाळही थांबतात, मग आरती. ना अर्ज, ना कचेरी.

दुसऱ्या दिवशी नीरा. पाणी गढूळ, वर पावसाची भुरभुर. पादुकांना स्नान घालतात तेव्हा काठावरचे सगळे हात आपोआप जुळतात. अलीकडे कंपनी सरकारचा अंमल, पलीकडे साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचं राज्य. साहेबाने 1819 मध्ये ठरवलेली ही सरहद्द. इथे ती ओलांडताना कुणाच्या तोंडी तिचं नावही नाही. तुमची घोंगडी भिजून दुप्पट जड झालीय. आता तुम्हीच म्हाताऱ्याचा हात धरून त्याला पाण्यातून पलीकडे नेता.

पलीकडच्या काठावर हैबतबाबा उभे आहेत, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. चढून येणाऱ्या दिंड्या ते बोटांवर मोजताहेत, लष्करी सवय. शेवटची पताका वर आल्यावरच लोणंदच्या वाटेला वळतात.

तुम्हाला ठाऊक आहे, त्यांच्याकडे आता दोनच वर्षं उरलीत. 1836 मध्ये देह ठेवल्यावर त्यांची समाधी आळंदीच्या महाद्वारातल्या पहिल्या पायरीशी होईल, येणाऱ्या-जाणाऱ्या वारकऱ्याची पायधूळ लागावी म्हणून. या खेपेला निघताना त्या पायरीवरून तुम्ही सहज उतरून आलात. नुसता दगड होता तो, पावसानं ओला.