मेजावरचें रणांगण आणि अंतराळयानाचें माप

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन नांवाचें गांव आहे. भाविकांना तें शनीच्या देवस्थानामुळें ठाऊक आहे. इतिहासाच्या वाचकांना १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईमुळें. त्याच वर्षीं निजामअलीच्या फौजेनें पुणें लुटलें होतें. पुढें पावसाळ्यांत औरंगाबादेकडे परततांना निजाम कांहीं फौजेनिशीं गोदावरी उतरून उत्तर तीरावर गेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला. या मागें राहिलेल्या फौजेस राघोबादादा व अठरा वर्षांचे माधवराव पेशवे यांनीं गांठलें. झटापटींत दादा शत्रूच्या गराड्यांत सांपडले, माधवरावांनीं धांवून जाऊन त्यांस सोडविलें, आणि विठ्ठल सुंदर रणांत पडला. स्वामी पलीकडच्या तीरावर, सेवक अलीकडे, आणि मध्यें पावसाळ्यांतली गंगा. सारी लढाई या एका गोष्टीवर फिरली.

आतां हीच लढाई कोणी घरच्या मेजावर मांडूं लागला तर काय होईल? मेज दोन मीटर लांबीचें आहे आणि त्यावर चार किलोमीटरांचा मुलूख बसवावयाचा आहे, असें धरूं. म्हणजे एका सेंटिमीटरास वीस मीटर पडले. लीलावतीच्या काळापासून मुलांना शिकविलें जाणारें त्रैराशिक येथें पुरेसें आहे. अडीच मीटर लांबीचा घोडा या प्रमाणानें सव्वा मिलिमीटरांचा होतो. तीळही त्याहून मोठा. असा घोडा ना हातांत धरतां येतो, ना डोळ्यांना दिसतो. म्हणून खेळणारा अडीच-तीन सेंटिमीटरांचा घोडेस्वार घेतो, आणि तेथेंच घोटाळा सुरू होतो. नदीचें पात्र अर्धा किलोमीटर धरलें तर मेजावर तें पंचवीस सेंटिमीटर येतें. खऱ्या पात्रांत दोनशें घोडे लांबीनें एकामागें एक उभे राहतील; मेजावरच्या पात्रांत नऊ-दहा घोड्यांतच पैलतीर येतो. पाहणाऱ्यास वाटतें कीं निजाम हा ओढा ओलांडून आपल्या दिवाणाच्या मदतीस कां गेला नाहीं? मूर्ति सुबक, रंग अचूक, पागोट्याचा पीळसुद्धां बरोबर. आणि इतिहास मात्र खोटा. प्रतिकृतीच्या मापाचा प्रश्न हा केवळ हौशी लोकांचा चाळा नव्हे, तो असा.

आपल्याकडील जुने खेळ या प्रश्नांत पडलेच नाहींत. बुद्धिबळाच्या पटावर वजीर हत्तीहून उंच असतो आणि प्यादें सर्वांत ठेंगणें. दिवाळींत मुलें मातीचा किल्ला करितात, त्यावर शिवाजीमहाराजांची मूर्ति वीतभर, मावळा चार बोटांचा, आणि बुरूज मावळ्याच्या गुडघ्याएवढा. त्यांत कोणास विसंगति वाटत नाहीं, व वाटूंही नये. कारण तेथें आकार मानाचा आहे, मापाचा नाहीं. मान आणि माप यांची गल्लत झाली म्हणजेच अडचण होते.

माप प्रथम काटेकोरपणें धरलें तें प्रशियांत. त्याआधीं १७८० सालीं हेल्विग नांवाच्या गृहस्थानें बुद्धिबळाचाच पट वाढवून युद्धाचा खेळ रचला होता. परंतु बॅरन फॉन राइस्विट्झ यानें १८१२ सालीं राजापुढें युद्धक्रीडेचें एक मेजच ठेविलें, आणि त्याच्या लष्करांतील मुलानें १८२४ सालीं नकाशावर खेळावयाचे नियम प्रसिद्ध केले. हा नकाशा जमिनीच्या आठ हजारांश मापाचा असे. त्यावर शिपायांच्या मूर्ति नव्हत्या. होते ते चपटे ठोकळे, आणि ठोकळ्याची रुंदी तुकडीच्या खऱ्या रुंदीशीं जुळविलेली. दोनशें मीटरांची रांग अडीच सेंटिमीटरांत. दिसावयास रुक्ष, पण नदी नदीएवढी आणि पलटण पलटणीएवढी.

इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यानें याच्या उलट टोक गांठलें. १९१३ सालच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकांत त्यानें खेळण्यांतले धातूचे शिपाई आणि स्प्रिंगची तोफ घेऊन लढाई मांडली. तोफ लांकडाची गोळी खरोखरीच फेंकी. गोळी जेथवर जाईल तेथवर तोफेचा पल्ला. प्रमाणाचा वादच उरला नाहीं. युक्ति मोठी गोड आहे, पण तिनें लढाई शिकतां येत नाहीं, खेळतां येते.

समुद्रावरचा खेळ फ्रेड जेन यानें १८९८ सालीं छापला. त्यानंतर न्यूयॉर्कमध्यें फ्लेचर प्रॅट या लेखकानें १९३० नंतरच्या दशकांत आपल्या मित्रमंडळीसह दिवाणखान्याच्या जमिनीवर आरमारी लढाया खेळावयास आरंभ केला. त्याचीं जहाजें लांकूड कोरून हातानें केलेलीं, पन्नास फुटांस एक इंच या मापाचीं. हाच प्रॅट अद्भुत आणि वैज्ञानिक कल्पनेच्या कथाही लिही. लांकडी युद्धनौकेपासून कल्पनेंतल्या अंतराळयानापर्यंतचा रस्ता असा एकाच माणसाच्या घरांतून गेलेला दिसतो. पुढें १९७९ सालीं ‘स्टार फ्लीट बॅटल्स’ आणि १९९९ सालीं ‘बॅटलफ्लीट गॉथिक’ असे खेळ निघाले, आणि बाटलीचीं झांकणें, पेनांच्या नळ्या, मोडक्या घड्याळांचीं चाकें जोडून स्वतःचीं यानें बनविणारे कारागीर देशोदेशीं तयार झाले.

राक्षसभुवनाची अडचण येथें शतपटीनें वाढते. पृथ्वीपासून चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर. हें अंतर दोन मीटरांच्या मेजावर बसविलें तर पृथ्वी साडेसहा सेंटिमीटरांची, म्हणजे चांगल्या लाडवाएवढी होते. चंद्र पावणेदोन सेंटिमीटरांचा, बोराएवढा. आणि १०९ मीटर रुंदीचें आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक? तें एका मिलिमीटराच्या सुमारें सतराशेंव्या भागाएवढें. कोणताही कारागीर तें करूं शकणार नाहीं. म्हणून अंतराचें माप आणि यानाचें माप हीं दोन निराळीं धरावीं लागतात, आणि यान म्हणजे केवळ त्याच्या बैठकीच्या खुंटीचा मध्यबिंदु, असें ठरवावें लागतें. अंतर खुंटीपासून खुंटीपर्यंत मोजावयाचें. पंख, शेपूट, तोफा कितीही बाहेर आल्या तरी त्या शोभेच्या.

मग यानांचें एकमेकांशीं प्रमाण कसें राखावें? टेहळणीचें यान १०० मीटरांचें आणि मुख्य युद्धयान १६०० मीटरांचें मानलें, व लहान यान ३ सेंटिमीटरांचें केलें, तर मोठें ४८ सेंटिमीटरांचें होऊन मेजाची जवळजवळ पाव लांबी व्यापील. यावर एक चांगला उपाय म्हणजे सोळा पटींचें वर्गमूळ घेणें. मोठें यान चारच पट, १२ सेंटिमीटरांचें. डोळ्यांना मोठेपणा कळतो आणि मेजही मोकळें राहतें.

परंतु या सवलतीची किंमत द्यावी लागते, आणि पुष्कळ कारागीर ती द्यावयास विसरतात. यानास झाड नाहीं, माणूस नाहीं, क्षितिज नाहीं. त्याचा आकार सांगणारी एकच खूण, ती खिडक्यांची ओळ. एक मजला तीन मीटरांचा धरला तर लहान यानावर दोन ओळींमधलें अंतर सुमारें नऊ दशांश मिलिमीटर पडतें. मोठ्या यानाचें प्रमाण चौपट आटलेलें, म्हणून त्यावर तेंच अंतर पाव मिलिमीटरांहूनही थोडें कमी हवें. दोहोंवर सारख्याच ओळी काढल्या तर १६०० मीटरांचें महायान पाहतां पाहतां ४०० मीटरांचें होऊन बसतें. हीच गोष्ट झांकणाच्या कडेवरील खांचांची. त्या ओळखूं आल्या कीं पाहणाऱ्यास यान दिसत नाहीं, बाटली दिसते; कारण बाटलीचें माप त्याच्या बोटांना पाठ असतें. म्हणून जाणता कारागीर खांचा आधीं घांसून काढतो, आणि मोठ्या यानावर खिडक्या ब्रशानें न रंगवितां सुईच्या अग्रानें टिपतो.